ठोक्याच्या सांदीत

मामांना कुणाशी बोलायचं असलं की ते आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. मग वळसा घालून समोर यायचे. मग तोंडाकडे बघत नुसतेच उभे राहायचे. नवीन माणसाला वाटायचं, आता हा बाबा कानाखाली आवाज काढतोय. मला तर वाटलंच. माझा कंपनीतला पहिला दिवस आणि सकाळपासून माझ्या हातून पत्रे वाकडे जात होते. खांद्यावर हात पडला, मामा समोर आले, थांबले. मी म्हणलं, चला, आपली चूक आहे, होऊन जाऊ द्या. आणि गाल पुढं केला.

मागं प्रेसचा ठोका पडला, धाप्प. तो विरला आणि पुढचा पडायच्या आत मामा म्हणाले, "चहा." धाप्प. "आलाय." धाप्प. "गाल?" धाप्प. "कशाला?"

तर अशी आमची ओळख झाली. सगळ्या कंपनीला चहासोबत त्या दिवशी माझा गाल मिळाला.

भोसरीतली ती कंपनी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत ओळीनं पावर प्रेस. पत्र्याची पट्टी आत सारायची, पायानं पेडल दाबायचं, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, येऊन आदळायची, खाली गाड्यांना लागणाऱ्या क्लिपा पडायच्या. एक प्रेस चालली तरी दात हलायचे, तिथं सगळ्या एकदम. मी मराठवाड्यातून आलेलो. शाळेचं आणि माझं पहिल्यापासून पटलं नाही. मास्तर म्हणायचे हा बोलतो फार, आणि मला वाटायचं मास्तर बोलतात फार. शेवटी दोघांपैकी एकानं जायचं ठरलं, आणि मास्तरांना पगार होता.

बोलायची सवय मी कंपनीतही घेऊन आलो. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून मी दिवसभर गोष्टी सांगायचो. आमच्या म्हशीची गोष्ट, चुलत्याच्या लग्नात बसायच्या जागी मी कसा आडवा झोपलो त्याची गोष्ट. शेजारचे माना डोलवायचे. मला वाटायचं, काय रंगलीय राव! चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद होत्या तेव्हा मी म्हशीचं नाव काढलं, तर शेजारचा म्हणतो, "तुमच्याकडं म्हैस आहे व्हय?"

तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं. मामा मूळचे मावळातल्या एका गावचे. सगळ्यात जुने ऑपरेटर, तीन नंबरच्या प्रेसवर. म्हणाले, "आवाजाच्या वर चढून बोलू नको. आजवर कोण चढलंय? दोन ठोक्यांच्या मधी सांद असती. तेवढीच आपली. तिथं एक शबुद ठिवायचा आन् गप बसायचं."

"आणि राहिलेलं?"

"पुढच्या सांदीत."

"आणि लई राहिलं असलं तर?"

"तर ते सांगण्यासारकं नसतंय."

ही त्या कंपनीची रीतच होती. आधी खांद्यावर हात, मग समोर तोंड, मग सांदीत शब्द. मागून हाक मारायची नाही, चालता चालता बोलायचं नाही, तोंडात तंबाखू असली तर आधी थुंकून यायची. भांडणंसुद्धा अशीच व्हायची. एक शिवी पुरी करायला तीन ठोके लागायचे, तोवर देणाराच विसरायचा की आपण कुठं होतो. माझ्यासमोर तिथं एकदाही हाणामारी झाली नाही. सगळे रीत शिकले, मी सोडून. मामा म्हणायचे, "तुझ्या बोलण्यात सांदच न्हाई. तू भोंगा हायस." तेव्हापासून माझं नाव भोंग्या. आईबापानं ठेवलेलं नाव आता फक्त आधार कार्डाला माहिती आहे.

मामा कानात बोळे घालायचे नाहीत. साहेबांनी वाटलेले बोळे त्यांनी घरी नेऊन पलंगाच्या पायाखाली घातले होते, पलंग हलायचा म्हणून. म्हणायचे, "बोळं घातलं की मशीन काय म्हणती ते कळत न्हाई." मशीन काय म्हणते ते त्यांना खरंच कळायचं. पण मशीन फुकट बोलत नसते. बरीच वर्षं गेल्यावर एकदा टपरीवर मी त्यांना विचारलं, मामा, तुम्ही हल्ली माझ्या तोंडाकडं एवढं काय बघता, सोन्याचा दात आहे का माझा? ते हसले नाहीत.

म्हणाले, "तुला ठोका आन् मधलं मोकळं, दोन्ही न्यारं न्यारं ऐकू येतं ना?"

"येतं की."

"मला आता एकच येतं. भिंत लिंपल्यावानी. सांदी बुजल्या माझ्या."

मी त्यावरही काहीतरी विनोद केला असणार. काय केला ते आठवत नाही. नसेलच आठवण्यासारखा.

पण गंमत अशी, की कंपनीत मामांचं काही अडायचं नाही. बुजलेल्या सांदीतलं ते डोळ्यांनी वाचायचे. आणि समोरचा प्रत्येक माणूस त्यांच्याशी समोर येऊन, तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत बोलायचा, कारण तिथं सगळ्यांशी तसंच बोलावं लागायचं. त्या गोंगाटात आम्ही सगळे सारखेच बहिरे होतो. त्यामुळं मामा बहिरे आहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मामांचं घर कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून, दोन खोल्या. मामी मूळच्या हळू बोलणाऱ्या. त्यांच्या माहेरी म्हणे कोंबडासुद्धा दबकत आरवायचा. लग्न होऊन त्या खोल्यांत आल्या आणि पहिलं वर्षभर त्यांना वाटायचं भूकंप चाललाय. मांडणीतली भांडी दिवसभर थरथरायची. पण बाई हुशार. दोन ठोक्यांच्या मधे बोलायला कुणी न शिकवता शिकल्या. दारात उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून, "भाकर" धाप्प "केलीया" धाप्प "या". मी तिथं इतक्यांदा जेवलोय की मामींनी माझ्या नावाची ताटली वेगळी ठेवली होती. मला वाटायचं मानानं ठेवलीय. नंतर कळलं, मी बोलता बोलता ताटली आपटतो म्हणून ती पत्र्याची होती.

दोघं नवरा-बायको बोलायचे मात्र मनसोक्त. पोराची शाळा, शेजारणीचं वागणं, वांगी महाग का झाली, गावाकडची विहीर. मोठं काही नसायचंच. मामांचं एक वाक्य होतं: "डायला तेल आन् बायकूशी बोलणं, रोज लागतं. न्हाईतर दोन्ही घासत्यात." मी हे माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत तेल जास्त झालंय.

मामा रिटायर झाले. मुलगा चांगला शिकलेला, त्यानं पुनावळ्याला फ्लॅट घेतला आणि आईबापांना घेऊन गेला. वरचा मजला, मोठ्या काचा, काचा लावल्या की हायवेसुद्धा मुका. मी भेटायला गेलो आणि दारातच थबकलो. एवढी शांतता, की मला माझंच पोट ऐकू आलं. म्हणलं, मामा, सुटलात बाबा! आता कान थंड.

मामा म्हणाले, "व्हय व्हय."

मी विचारलं, तब्येत कशी आहे. मामा म्हणाले, "व्हय व्हय."

त्या घरात वाईट कुणीच नव्हतं, हे आधी सांगतो. मुलगा सोन्यासारखा, सूनही. पण दोघं घरून काम करायचे, दोन खोल्यांत दोन कॉल. त्यामुळं सगळं घर कुजबुजायचं. स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलायचं, जाता जाता बोलायचं, तोंडासमोर मोबाईल धरून बोलायचं. आणि मामी, भोसरीत भूकंपाच्या वर बोलणारी बाई, तिथं पुन्हा माहेरच्या आवाजात गेल्या होत्या. त्या बोलल्या की मामा म्हणायचे "आँ?" त्या पुन्हा तेवढ्याच हळू सांगायच्या. "आँ?" तिसऱ्यांदा आतून "आई, कॉल चालूय" यायचं, आणि मामी हात हलवून म्हणायच्या, "जाऊ द्या, काही न्हाई."

लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा मामा माझ्या तोंडाकडं बघत बोलले. "भोंग्या, लोकं हसत्यात, वरडत्यात, त्याचं काही वाटत न्हाई. पण 'जाऊ द्या, काही न्हाई' हे लई लागतं. दिवसभर ही काय न् काय बोलती. त्यातलं माझ्यापातुर काहीच येत न्हाई. आमी आता नुसतं एका घरात ऱ्हातो."

मुलानं मशीन आणून दिलं होतं कानाचं. मामांनी घातलं, काढलं, पुन्हा घातलं. म्हणाले, "कप ठिवला तरी प्रेस पडल्यावानी वाटतं. फोडणी दिली की डोक्यात गारा. हिचं बोलणं मोठं झालं म्हण, पण पंखा बी मोठा झाला, मिक्सर बी मोठा झाला. मशीन आवाज वाढवतं, सांद न्हाई वाढवत." एका बारशाला ते मशीन घालून गेले. तिथं सगळ्या बायका एकदम गाणं म्हणायला लागल्या, पोरं फुगे फोडायला लागली. मामांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि बाळाकडं बघून हसत बसले. बाळ आणि मामा, दोघांनाच त्या हॉलमध्ये काय चाललंय ते कळत नव्हतं.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीच्या आधी मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर कंपनीसमोरच्या टपरीच्या बाकड्यावर मामा! शेजारी मामी. दोन बस बदलून आलेले. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझ्या आठवणीनं आले. मला तर भरून आलं. सुट्टी झाली तशी मी धावत गेलो आणि दोघांच्या बरोबर मधे जाऊन बसलो. साचलेल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. दोन दिवसांनी पुन्हा आले. मी पुन्हा मधे. आख्ख्या शेडमध्ये मी छाती काढून सांगत होतो, बघा, माणूस जोडावा तर असा, म्हातारा पुनावळ्याहून येतो माझं ऐकायला!

असं बरेचदा झालं. शेवटी एकदा खांद्यावर हात पडला. बघतो तर मामी. समोर आल्या, कमरेवर हात ठेवला. आत ठोका पडला.

"भाऊ." धाप्प. "जरा." धाप्प. "सरक."

मी सरकलो.

"तिकडं." धाप्प. "लांब."

मग मामींनीच सांगितलं. "आमी हितं बोलाय येतो रं. घरी आमाला बोलता येत न्हाई."

मी सरकलो तो सरळ शेडमध्ये जाऊन तोंड लपवून बसलो. आतून बघत होतो. दोघं बाकड्यावर एकमेकांकडं तोंड करून बसली होती, गुडघ्याला गुडघा. आता मामांना काही सांद ऐकू येत नव्हती, त्यांची भिंत लिंपलेलीच होती. पण मामींना येत होती ना! ठोके सुरू झाले की मामींचा आवाज आपोआप चढायचा, तोंड आपोआप उघडायचं, शब्द सुटे पडायचे. जुनी सवय. पुनावळ्याच्या शांततेत हरवलेली बाई या धडाडधूममध्ये मामांना परत सापडायची. हे दोघांपैकी कुणाला आधी सुचलं ते मी विचारलं नाही. ती दोघं टपरीवाल्याला मात्र दोनच चहा सांगून दुपारपर्यंत बसायची, आणि तोही काही बोलायचा नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, "एवढ्या लांबून येऊन बोलता तरी काय?"

मामा म्हणाले, "आज दोडका मिळाला न्हाई, म्हून भेंडी केली."

"मग?"

"मग काय? ते मला कळाय नको?"

पुढं कंपनीत बोलणं सुरू झालं की शेड चाकणला चाललीय. नवीन जागा, नवीन मशिनी, त्या मशिनींना चारी बाजूंनी खोली, की आवाज बाहेर पडू नये. आमच्यासाठी चांगलंच होतं. पोरं खुश. मी बाकड्यावर जाऊन मामांना सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आयुष्यात पहिल्यांदा. मामांनी सगळं वाचलं. मामींकडं बघितलं. मग मला एकच विचारलं.

"तिकडं भाईर बाकडं हाय का?"

तिकडं बाहेर भिंत होती, गेट होतं आणि कंटेनरची रांग होती. मी नाही म्हणून मान हलवली. मामी पदराला पीळ घालत बसल्या. आत ठोके चालूच होते, एकामागून एक, पण मधल्या सांदीत कुणीच काही ठेवलं नाही.

त्या दिवशी मी विचार केला. मी विचार करतोय म्हणल्यावर बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. पण मला खरंच एक युक्ती सुचली: प्रेसचा आवाजच मोबाईलमध्ये भरून मामांना द्यायचा. तीन नंबरच्या प्रेससमोर मोबाईल धरून उभा राहिलो, चांगलं चहा थंड होईपर्यंत. घरी येऊन लावलं, तर त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच बोलत होतो. "आता बघा मी आवाज भरतोय, हे बघा, मामांसाठी भरतोय." प्रेस मागं कुठंतरी. दुसऱ्या दिवशी तोंडात रुमाल धरून पुन्हा भरलं.

मग स्टेशनजवळ कासारवाडीत कानात घालायच्या वायरी घेतल्या आणि शेड हलल्यावरच्या पहिल्या सुट्टीला पुनावळ्याला गेलो. मामा काचेजवळ खुर्चीत. मामी खाली बसून लसूण सोलत होत्या. दोघांमधे दोन हातांचं अंतर आणि त्यात नुसती शांतता. मी मोठ्या थाटात वायरी काढल्या आणि मामांच्या कानात घातल्या. आवाज सोडला, पूर्ण.

मामा डोळे मिटून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघतोय, आता फुलेल, मग फुलेल. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खाली कुटंतरी फरशी फोडत्यात का रं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसाला ऐकू येत नाही म्हणून मी त्याच्या कानात गोंगाट घालून आलो होतो. तहानलेल्याला मी मीठ आणलं होतं, तेही स्वतःच्या पैशानं. मी वायरी गोळा करायला लागलो, तेवढ्यात मामींनी लसणाचे हात पदराला पुसले. "बघू," म्हणाल्या. नुसतं काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी त्या आपल्या कानात घातल्या.

त्यांचे डोळे मोठे झाले. एक हात आपोआप कमरेवर गेला. आणि त्या शांत फ्लॅटमध्ये, जिथं कुकरची शिट्टीसुद्धा विचारून वाजायची, मामी खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"अवो!" थांबल्या. "तीन नंबर!" थांबल्या. "आपलीच हाय!"

मामा खुर्चीतून अर्धे उठले. खोलीत ठोका नव्हता, धाप्प नव्हतं, पंखासुद्धा बंद होता. सगळा गोंगाट मामींच्या कानात, आणि बाहेर फक्त त्यांचा तो जुना आवाज, स्वच्छ, एकेक शब्द सुटा, समोर तोंड करून.

मामा म्हणाले, "पट्टा सैल हाय तिचा. ऐकाय येतंय का?"

"येतंय की!" थांबल्या. "तुमी!" थांबल्या. "कवा!" थांबल्या. "आवळलाच न्हाई!"

"मी आवळत व्हतो! साहेब पट्टाच आनून देत न्हवता!"

आतून सून धावत आली, कानाला कॉल लावलेला, "आई, अहो, काय झालं?" आणि दारात उभी राहिली. तिचा सासरा हसत होता. ती लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांना असं हसताना पाहिलं नसावं. तिनं कॉलवर सांगितलं, जरा घरी काम आहे, आणि तिथंच खाली बसली. त्या दिवशी दोघं किती वेळ बोलली कोण जाणे. दोडका, भेंडी, विहीर, लिफ्टमधली बाई, राहिलेलं सगळं. मी मधेच बसलो होतो, पण या वेळी मला कुणी सरक म्हणालं नाही. मी तिथं आहे हे कुणाला आठवतच नव्हतं. चहासुद्धा विचारला नाही.

नंतर मुलानं त्यांना कानाच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो, नसत्या ठिकाणी जायची मला हौस आहे. तिथल्या मॅडम तरुण होत्या, सगळं ऐकून आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, कानात गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याचं त्यालाही कळत नाही. आणि चांगला कान गोंगाटाच्या मधल्या मोकळ्या जागेतून शब्द वेचतो; कान दमला की ते वेचणं आधी जातं. मामांनी माझ्याकडं बघितलं. "सांद," ते म्हणाले. मॅडमनी त्यांचं मशीन नीट लावून दिलं, आणि मामींना सांगितलं, "आजी, मशीन अर्धं काम करेल. अर्धं तुमच्याकडं. वायरी नसल्या तरी असंच बोलायचं."

मामींनी ते मनावर घेतलं. पुढं पुढं त्यांना वायरी लागल्या नाहीत. घरातली पोरंसुद्धा शिकली, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून समोर यायला.

निघताना मॅडम मला म्हणाल्या, "काका, तुम्ही पण प्रेसवर ना? तुमचेही कान बघून घेऊ का?" मी म्हणलं, "मॅडम, मी बोलणारा माणूस. ऐकायचं खातं माझ्याकडं नाहीच." सगळे हसले. मीही हसलो.

मामा गेल्या वर्षी गेले. दवाखान्यात होते काही दिवस. त्या खोलीत एक यंत्र सारखं टिंग टिंग करायचं. मामी खाटेशी उभ्या, खांद्यावर हात, तोंडासमोर तोंड, दोन टिंगांच्या मधे एकेक शब्द ठेवत. नर्स आली, "आजी, हळू बोला, बाकीचे पेशंट आहेत." मामींनी मानेनं हो म्हणलं आणि आवाज तसूभरही कमी केला नाही. मामांच्या पापण्या हलत होत्या, म्हणजे पोचत होतं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी दारात होतो ना. लांब होतो, असं तेव्हा मी मला सांगितलं. पण दार काही खाटेपासून एवढं लांब नव्हतं.

परवा वर्षश्राद्धाला पुनावळ्याला गेलो होतो. घर भरलेलं. पोरं, पाहुणे, टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर, कुणीतरी भांडी मांडतंय. मी नेहमीसारखा मधे बसून गोष्टी सांगत होतो. मामांची आणि माझ्या गालाची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मग कोपऱ्यातून कुणीतरी काहीतरी म्हणालं, पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. मग सून मला काहीतरी म्हणाली. मी हसलो. तिनं पुन्हा विचारलं, मी म्हणलं, "व्हय व्हय." हल्ली मला हसायचं चांगलं जमतं. लोकांची तोंडं बघायची, ती हसली की आपण हसायचं. बायको म्हणते, हाक मारली तर ओ देत नाही. मी म्हणतो, तीस वर्षं ओ दिली, आता सुट्टीवर आहे. सगळ्यांना पटतं. मलाही पटायचं.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. किती वेळ बघत होत्या, माहीत नाही.

खांद्यावर हात पडला. मामी वळसा घालून समोर आल्या. थांबल्या. मिक्सर गरगरत होता, तो थांबेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या:

"कवापासनं?"

मी तोंड उघडलं. माझं तोंड कायम आधी उघडतं आणि मग त्यात काहीतरी येतं. या वेळी काही आलं नाही. काय करावं सुचेना, म्हणून मी गाल पुढं केला.

मामींनी त्यावर हात ठेवला. लसणाचा वास होता हाताला. मिक्सर पुन्हा सुरू झाला, बंद झाला, आणि त्या सांदीत त्यांनी माझ्यासाठी, एकेक शब्द सुटा करून ठेवला:

"चहा."

थांबल्या.

"आलाय."